फाइलीला लाल टॅग

समाधान मोटरसायकल नेहमी दातांच्या दवाखान्यासमोर लावायचा. चिंचवडच्या त्या रस्त्यावर दोन इमारती अगदी शेजारी शेजारी. एकीत खाली दातांचा दवाखाना. दुसरीत खाली वह्या-पुस्तकांचं दुकान आणि जिन्याशी पाटी, ‘डॉ. निशिगंधा वाळिंबे, मनोविकारतज्ज्ञ’. पाटीखाली दहा गाड्या मावतील एवढी जागा होती. पण समाधानचा हिशोब असा, की कुरुळीतल्या कुणी पाहिलंच तर बायकोच्या दातांचं काम चाललंय म्हणता येतं. चार महिने हेच चाललं होतं. शेवटी कुरुळीतल्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या कौशल्याबाईंनी त्याच्या बायकोला, दीक्षाला, जिन्यात गाठून विचारलंच, "किती दात आहेत गं तुला?"

दीक्षा हसली होती. त्या दिवसांत हसायला तिला फार छान जमायचं.

चाकणला गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ती तपासणीला होती. माल बाहेर पडण्याआधी शेवटची सही तिची. ती सही नसेल तर टेम्पो गेटबाहेर जात नाही, हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. पोरं तिला पाठीमागं ‘कडक मॅडम’ म्हणायची आणि तिला ते माहीत होतं, आवडायचंही. शाफ्टमध्ये शंका आली की ती ट्रेला लाल टॅग बांधायची. लाल टॅग बांधला की माल जाळीच्या पिंजऱ्यात जायचा, आणि ती स्वतः टॅग काढेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. मग तो मॅनेजर असो नाहीतर मालक.

अशी ही बाई फेब्रुवारीत एका सकाळी हातात शाफ्ट धरून टेबलाशी अर्धा तास उभी राहिली. मोजत नव्हती आणि खालीही ठेवत नव्हती. शेजारची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही रडताय." दीक्षानं गालाला हात लावला तेव्हा कुठं तिला ते कळलं. कंपनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणि गुरुवारच्या सुट्टीला नवरा-बायको पहिल्यांदा चिंचवडचा तो जिना चढले.

डॉक्टर वाळिंबे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आजाराचं नाव त्यांनी सरळ सांगितलं, डिप्रेशन. गोळ्या लिहून दिल्या आणि एक छापील कागद दिला. त्यावर महिन्याचे तीस दिवस. रोज झोप किती तास, जेवण कसं, मन कसं होतं त्याला दहापैकी गुण, आणि शेवटी एक मोकळा रकाना: ‘आज मनात आलेलं, कुणाला न सांगितलेलं.’

"रोज संध्याकाळी दोन मिनिटं काढून भरा," त्या म्हणाल्या. "खरं लिहा. गोळ्या किती द्यायच्या ते मी यावरूनच ठरवते."

आता गंमत पाहा. शाफ्टच्या केसाएवढ्या फरकावरून मॅनेजरशी भांडणारी ही बाई तो कागद भरायची कधी? दवाखान्याच्या दिवशी सकाळी, एका हातात चहाचा कप घेऊन, तीस दिवस एका बैठकीत. आणि भरायची किती सफाईनं! सगळीकडं सात लिहिलं तर संशय येतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून सहा, सात, सहा, मध्येच एखादा चार, मग पुन्हा सात. झोप साडेसहा तास, सात, पावणेसात. दोन पेनं आलटून पालटून. मोकळ्या रकान्यात तीस वेळा ‘विशेष काही नाही’. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालायचा, म्हणजे चुरगळत नाही.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कंपनीनं शिकवलं होतं. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर यायचे असले की आदल्या दिवशी सुजित सर, म्हणजे त्यांचे मॅनेजर, सगळ्यांना उभं करून सांगायचे: हसतमुख राहा, विचारलं तेवढंच बोला, आणि पिंजऱ्याची किल्ली माझ्या खिशात टाका. बारा वर्षं दीक्षानं असे ऑडिटर पाहिले होते. टेबलापलीकडं बसून फाइल उघडणारा, चष्म्यावरून बघणारा, पेन हातात घेऊन प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे ऑडिटर. डॉक्टर वाळिंबे तशाच बसायच्या. दीक्षाच्या अंगात सवय मुरलेली. कणा ताठ झाला, तोंडावर हसू आलं आणि किल्ली गेली खिशात.

शिवाय शेजारच्या खुर्चीवर समाधान. तो दर वेळी आत यायचा. फाइल त्याच्या मांडीवर असायची आणि अर्धी उत्तरं तोच द्यायचा. "जेवण बरंय आता मॅडम." "हसायला लागलीय घरात." वाईट माणूस नव्हता तो. उलट इतका चांगला होता, की त्याच्यासमोर काही वाईट बोलायची सोयच नव्हती. तिनं नुसतं ‘कंटाळा आला’ म्हणायचा अवकाश, की याचा चेहरा पडायचा आणि हा विचारायचा, "मी कुठं कमी पडलो का?" मग आजारी बाईनं धडधाकट माणसाची समजूत काढत बसायचं.

तीन महिन्यांचे तीन कागद डॉक्टरांनी त्याच फाइलीत लावले. तिसरा पाहून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. "छान सुधारणा आहे. गोळी अर्धी करू. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून हळूहळू बंद."

घरात तर सणच झाला. सासूबाई, शालनबाई, जालन्याकडच्या. त्यांनी स्वतः बाजारात जाऊन मटण आणलं. सहा वर्षांच्या दिव्याला शेजारणीसमोर उचलून घेऊन म्हणाल्या, "बघ गं, तुझी आई आता कशी खायलीय, बोलायलीय!" समाधाननं गावाकडं फोन लावले. ज्यांना आजारपण कधी सांगितलं नव्हतं, त्यांनाही तब्येत सुधारल्याचं कळवून टाकलं. दीक्षा ताटावर बसून हसली आणि मटण छान झाल्याचं म्हणाली. तिला त्याची काही चव लागली नव्हती.

पूर्ण गोळीनं निदान झोप तरी यायला लागली होती. अर्धी झाल्यावर पंधरवड्यात तीही गेली. पहाटे जाग यायची आणि पहिला विचार यायचा तो हा, की आजही उठावं लागणार. जाग आलीच नसती तर बरं झालं असतं. कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकली की ती खिडकीला डोकं टेकून तेच म्हणत राहायची. दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. संध्याकाळी दिव्या पळत येऊन गळ्यात पडायची, आणि दीक्षा तिच्या पाठीवर हात ठेवून मनात आकडे मोजायची. एक, दोन, तीन. कधी सोडेल ही. स्वतःच्या लेकीची मिठी सुटण्याची वाट बघणारी आई कुठं असते का? दीक्षाला स्वतःची किळस यायची. ही गोष्ट कागदावर लिहिण्यापेक्षा कागद चावून गिळलेला बरा, असं तिला वाटायचं.

अशात तो बुधवार आला.

दुपारी ती लाइनवरून फिरत होती. रोहिदास म्हणून एक ऑपरेटर होता, चुणचुणीत, तोंडाचा गोड. त्याच्या मशीनपाशी तासागणिक माप घेऊन कागदावर चढवायचं असतं. दीक्षानं त्याचा कागद उचलला, आणि दोन वाजता तिला त्यावर सहा वाजेपर्यंतची मापं दिसली.

"रोहिदास, हे काय रे?"

तो ओशाळला. "मॅडम, चुकून पुढचं भरलं गेलं."

"चुकून? आकडे वरखाली ठेवलेत. पेनसुद्धा बदललंय. हुशार आहेस. पण हा कागद बघ. लग्नपत्रिकेसारखा कोरा करकरीत. आठ वेळा तेलाच्या हातानं धरलेला कागद असा राहील का? सकाळपासून एकदा तरी मोजलंस?"

रोहिदास खाली बघायला लागला. "मॅडम, काल सगळे बरोबर होते. म्हटलं, आजही असतीलच की. कागद खराब दिसला की सगळे ओरडतात. चांगला दिसला की कुणी काही बोलत नाही."

दीक्षानं चारशे शाफ्टना लाल टॅग बांधला. बातमी सुजित सरांपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली. टेम्पो दाराशी उभा होता, गिऱ्हाइकाचे फोन चालू होते. सर तरातरा आले.

"दीक्षा मॅडम, तुमचं काय चाललंय? टेम्पो लागलाय."

"लागू द्या. मोजल्याशिवाय सही नाही."

"चार आकडे पुढं भरले म्हणून माल खराब झाला का?"

"आणि कागद चांगला दिसतो म्हणून माल चांगला झाला का? मला माहीत नाही माल कसाय. तुम्हालाही माहीत नाही. कुणी मोजलंयच कुठं?"

सरांनी आवाज चढवला, हातवारे केले, वर कळवायची धमकी दिली. दीक्षा टेबलाशी हाताची घडी घालून उभी राहिली. हा तिचा जुना आखाडा होता. शेवटी सरांनी हात टेकले. चारशे शाफ्ट मोजले गेले. अकरा निघाले मापाबाहेर.

"अकराच," रोहिदास पुटपुटला.

"ते अकरा कुणाच्या तरी गाडीत बसले असते," दीक्षा म्हणाली. "आणि वर माझी सही असती."

संध्याकाळच्या बसमध्ये तिला जागा मिळाली, खिडकीची. लढाई जिंकल्याचं समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी रोहिदासचं एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं. कागद चांगला दिसला की कुणी काही बोलत नाही. कुरुळीचा स्टॉप जवळ आला. घरातल्या कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरात उद्याचा कागद वाट बघत होता. कोरा करकरीत, लग्नपत्रिकेसारखा.

तिला एकदम वडील आठवले. कोंडीराम, पिंपरीच्या कारखान्यात झाडूवाले म्हणून लागले आणि मशीनवर रिटायर झाले. दीक्षाला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवलं होतं. म्हणाले होते, "आपल्या घरात दोन पिढ्यांमागं सही नव्हती, अंगठा होता. सही मिळालीय ती फुकट वापरायची न्हाई." रोहिदासला तिनं चारचौघांत सोलून काढलं होतं. आणि स्वतः? तीन महिने तीच चोरी, तीच दोन पेनं. रोहिदासनं निदान शाफ्टचे आकडे खोटे लिहिले होते. तिनं स्वतःच्या जिवाचे लिहिले होते, आणि त्यावर गोळी अर्धी करून घेतली होती. बसमध्येच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांवर, समाधानवर, सासूबाईंच्या मटणावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. चार महिन्यांत तिला पहिल्यांदा काहीतरी इतकं जोरात वाटलं होतं.

तिच्या ॲप्रनच्या खिशात एक लाल टॅग राहून गेला होता. कंपनीचं साधं पेन घरी न नेणारी बाई ती. बसमधून उतरताना तिनं तो टॅग पर्समध्ये टाकला.

गुरुवारी सकाळी समाधान अंघोळ करून तयार. मांडीवर फोल्डर, हातात पेन.

"घे, भरून टाक पटकन. मी गाडी पुसतो तोवर. आणि काय म्हणतो, ह्या वेळी दोन-चार ठिकाणी आठ टाक. म्हणजे गोळीचं लचांडच सुटंल एकदाचं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. दीक्षा त्याच्याकडं बघत राहिली. तीन महिने तो तिला तीस दिवस एका बैठकीत भरताना बघत होता, त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि तिलाही वाटलं नव्हतं. तोही कारखान्यातच कामाला; दोघंही कारखान्यातली माणसं.

शालनबाई आतून म्हणाल्या, "आता कशाला जायलीस गं? चांगली झालीस की. उगं गोळ्या खाऊन डोकं जड करून घ्यायचं."

"जायचंय, आई," दीक्षा म्हणाली. कागद तिनं तसाच पर्समध्ये ठेवला. एकही आकडा न लिहिलेला.

चिंचवडला गाडी दातांच्या दवाखान्यासमोर लागली. जिना चढून दोघं बाकावर बसली. आतून हाक आली तसा समाधान सवयीनं फाइल घेऊन उठला.

"तुम्ही बाहेर बसा," दीक्षा म्हणाली.

"का? मी तर दर वेळी येतो."

"म्हणूनच."

त्याच्या हातातली फाइल तिनं काढून घेतली. बाकावरचे दोन पेशंट बघायला लागले. समाधानचं तोंड कसनुसं झालं. तो खाली बसला आणि ती आत गेली. दार तिनं स्वतः लावून घेतलं.

डॉक्टरांनी चष्मा लावला. "या दीक्षा. काय म्हणते तब्येत? कागद आणलाय?"

दीक्षानं पर्समधून लाल टॅग काढला. फाइलीत लावलेले तिन्ही कागद एकत्र धरले, टॅगची दोरी छिद्रातून ओवली आणि दोन गाठी मारल्या. फाइल टेबलावरून पुढं सरकवली.

"हे काय?"

"आमच्याकडं शंकेच्या मालाला हा बांधतात. मग त्या मालावर कुणी काही करायचं नसतं. हे तिन्ही कागद होल्ड करा मॅडम. ह्यातला एकही आकडा खरा नाही. दवाखान्यात यायच्या दिवशी बसून भरलेत. हा चौथा. हा कोराच आणलाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टॅग बोटांत धरून पाहिला. दीक्षा ओरडा खायला तयार होऊन बसली होती, कणा ताठ करून.

"ह्या आकड्यांवर मी तुमची गोळी अर्धी केली," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणूनच सांगायला आले."

"मलाही शंका यायला हवी होती. इतके नीटनेटके कागद कुणी आणत नाही." त्यांचा आवाज चिडका होता, पण तो राग दीक्षावर नव्हता. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "बरं. आता मोजू. आज मनाला दहापैकी किती?"

"एक." दीक्षा थांबली. "काल चार होतं. काल मी भांडले होते."

डॉक्टरांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं, पण त्यांनी मान खाली घालून लिहिलं. "झोप?"

"तीन तास. पहाटे जाग येते."

"जाग आल्यावर मनात काय येतं?"

हाच तो रकाना.  तिनं दाराकडं पाहिलं. "मी सांगितलं तर तुम्ही त्यांना सांगणार?"

"तुमच्या परवानगीशिवाय एक शब्दही नाही. फक्त एक अपवाद आहे. तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर घरातल्या एका माणसाला सांगावंच लागेल. पण ते तुमच्या पाठीमागं नाही, तुमच्यासमोर सांगेन."

निदान ही बाई गोड बोलत नव्हती. दीक्षाला ते बरं वाटलं.

"वाटतं, जाग आली नसती तर बरं झालं असतं."

"स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं?"

"नाही. नुसतं असू नये वाटतं." मग एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. ती सांगत गेली. मटणाला चव नव्हती. सगळ्यांच्या तोंडावरचा आनंद बघितला की ओरडावंसं वाटतं. नवरा इतका चांगला आहे की त्याचा राग येतो, आणि राग आला की लाज वाटते. शेवटी तिनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "माझी मुलगी गळ्यात पडते ना, तेव्हा मी आकडे मोजते. कधी सोडेल म्हणून. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. वाईट आई लिहा."

"असा रकाना माझ्याकडं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "या आजारात माया आटल्यासारखी वाटते. माझ्यासमोर बसून हे कितीतरी आयांनी सांगितलंय. तुम्ही मोजता, पण तिला ढकलून देत नाही ना?"

"नाही. ती सोडेपर्यंत उभी राहते."

"ते पण लिहिते मग."

दीक्षा रडली. फेब्रुवारीत गालाला हात लावून कळलं होतं. या वेळी तिला चांगलं कळत होतं की आपण रडतोय, आणि तिनं ते थांबवलं नाही.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा पूर्ण केली, आता दर गुरुवारी यायला सांगितलं आणि स्वतःचा फोन नंबर लिहून दिला, मनात आणखी काळं काही आलं तर वेळ न बघता करायचा म्हणून. दीक्षानं विचारलं, "मी बरी होईन?"

"व्हायला हवं. बहुतेक लोक होतात. पण तुमचं नक्की आज नाही सांगता येणार. तुमचं माप आपण आज पहिल्यांदा घेतलंय." मग त्या म्हणाल्या, "ते पहाटेचं मात्र घरात कुणाला तरी माहीत हवं. मी सांगू का?"

"मी सांगते. बोलवा त्यांना."

समाधान आत आला. दीक्षानं त्याला पहाटेचं सांगितलं, कागदांचं सांगितलं. मुलीच्या मिठीचं सांगितलं नाही, ते तिचं होतं. त्यानं लाल टॅग पाहिला, तिच्याकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा नेहमीसारखा पडला.

"पण कागदावर तर सात होतं," तो म्हणाला.

"तुमच्यासमोर बसून भरलं होतं."

"दीक्षा... मी कुठं कमी पडलो का गं?"

"हे विचारू नका!" तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. "हे विचारता आणि मग मला तुमची समजूत काढावी लागते. आजारी मी आहे. हे तुमच्याबद्दल नाहीये, माझ्याबद्दल आहे. मला थोडे दिवस माझ्याबद्दल राहू द्या."

 डॉक्टर फाइलीत काहीतरी लिहीत बसल्या. त्यांनी मध्ये पडायचं काही कारण नव्हतं.

दोघं कुरुळीला परतली. बिल्डिंगच्या गेटपाशी कौशल्याबाई भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. गाडी थांबताच त्यांनी हाक मारली. "झालं का गं दातांचं? का अजून उरलेत?"

समाधान हेल्मेटच्या आतून काहीतरी पुटपुटला. दीक्षा गाडीवरून उतरली.

"दात माझे ठणठणीत आहेत, काकू. मनाच्या डॉक्टरांकडं जाते मी. चिंचवडला. चार महिने झाले."

भाजीवाल्याचा तराजू हातातच राहिला. कौशल्याबाई "अगं बाई" म्हणाल्या आणि कोथिंबिरीची जुडी तशीच सोडून जिन्याकडं वळल्या. तासाभरात चारही मजल्यांवर बातमी पोचली असणार. संध्याकाळी शालनबाईंनी भांडी आपटत घर डोक्यावर घेतलं. "गावभर दवंडी पिटून आलीस! आता लोकं काय म्हणायलेत, माहितंय का?" दीक्षा म्हणाली, "म्हणू द्या, आई. मी लपवून फिरले तेव्हा काय बरी झाले होते?" शालनबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कौशल्याबाईच खाली भेटल्या. इकडं तिकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, ते डॉक्टर किती वाजता बसतात, बहिणीसाठी विचारतेय. दीक्षानं पत्ता दिला आणि बहिणीबद्दल काही विचारलं नाही.

नवा कागद तिनं फोल्डरात ठेवला नाही. फ्रिजला चिकटवला, सगळ्यांना दिसेल असा, दोरीला पेन बांधून. ते मोकळ्या रकान्याचं तेवढं ती वेगळ्या वहीत लिहायची. वही पर्समध्ये, पर्स कपाटात. समाधाननं एकदा वहीकडं पाहिलं आणि न विचारता बाजूला झाला. हे त्याला किती जड गेलं ते त्याचं त्यालाच माहीत.

मंगळवारी संध्याकाळी जेवणं चालली होती. दिव्या शाळेतली कसलीशी नक्कल करून दाखवत होती, आणि दीक्षा हसली. खरंच हसली, क्षणभर. समाधाननं ते बघितलं. ताटावरून उठून, हात न धुताच, तो फ्रिजपाशी गेला आणि पेन उचललं.

"आजचे किती?"

"दोन."

"दोन?" तो वळला. डोळ्यांत केवढी आशा. "अगं, आत्ता हसलीस की. तीन लिहू ना? तीन तरी."

शालनबाईंनीही वाढता वाढता डाव थांबवला. सगळं घर तिच्या तोंडाकडं बघायला लागलं. एका आकड्याचा तर प्रश्न होता. एक तीन लिहिला असता तर तिघांना सुखाची झोप लागली असती. पूर्वीची दीक्षा असती तर तिनं सातसुद्धा देऊन टाकला असता.

"हसले ते खरं," ती म्हणाली. "आणि दोन पण खरं. दोन म्हणजे दोन."

 समाधाननं आमटीच्या बोटांनी कागद धरला आणि नीट अक्षरात दोन लिहिला. कागदाच्या कोपऱ्यावर पिवळा डाग उमटला. दीक्षानं तो पाहिला आणि पुसू दिला नाही.